हॉकआयच्या ऑपरेशन थिएटरात

गेल्या अंकात जुन्या परदेशी मालिकांवर लिहिताना ‘मॅश’चा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. ज्यांना नवीन अंकच हाती आला आहे त्यांच्यासाठी सांगते: मी भूलतज्ज्ञ. मिरजेला शिकले, १९७७ साली रेसिडेन्सीसाठी क्लीव्हलंडला गेले आणि ही मालिका तिथल्या रुग्णालयाच्या ड्यूटी रूममध्ये बघितली. त्यामुळे उत्तरं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभं राहून दिल्यासारखी वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न: ही मालिका आम्ही बघितलेलीच नाही. थोडक्यात सांगाल का? (सोलापूर)

काळ कोरियन युद्धाचा, म्हणजे जून १९५० ते जुलै १९५३. जागा, आघाडीपासून काही मैलांवर तंबू ठोकून उभं केलेलं अमेरिकन लष्कराचं फिरतं रुग्णालय. अशा रुग्णालयांना ‘मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल’ म्हणत, त्याचंच मॅश. मालिकेतल्या तुकडीचा क्रमांक ४०७७. तिथले बहुतेक डॉक्टर सक्तीच्या भरतीत उचलून आणलेले. त्यातला बेंजामिन फ्रँकलिन पिअर्स उर्फ हॉकआय हा मेन राज्यातला सर्जन, हाताने अतिशय तयार आणि लष्करी शिस्तीचा मनापासून तिटकारा असलेला. ही भूमिका ॲलन ॲल्डा यांची. युद्धात स्वतः सर्जन म्हणून काम केलेल्या एका डॉक्टराने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ साली कादंबरी लिहिली, १९७० साली तिच्यावर चित्रपट आला आणि १७ सप्टेंबर १९७२ पासून सीबीएस वाहिनीवर मालिका. युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा हंगाम.

प्रश्न: युद्ध चालू आहे, पोरं मरताहेत आणि हे डॉक्टर थट्टामस्करी करताहेत. मला दोन भाग बघून उठावंसं वाटलं. तुम्ही स्वतः डॉक्टर, तुम्हाला हे खटकलं नाही? (नाशिक)

नाही खटकलं, आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या प्रेमाचं मूळच तिथे आहे.

तुम्ही बहुधा हशा घातलेली प्रत बघितली असणार. त्या काळी अमेरिकेत विनोदी मालिकेला ध्वनिमुद्रित हशा जोडायचा असा रिवाजच होता आणि वाहिनी त्याबाबत हटून बसली होती. मालिका घडवणारे लॅरी गेलबार्ट आणि निर्माते जीन रेनॉल्ड्स यांना तो नको होता. शेवटी एक गोष्ट त्यांनी पदरात पाडून घेतली: ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत हशा वाजणार नाही. तंबूत, जेवणाच्या रांगेत, कमांडरच्या कचेरीत वाजेल, पण टेबलावर माणूस उघडा असताना नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने तर हशाशिवायच मालिका दाखवली. तशी बघा, निराळीच वाटते. तोच विनोद, पण तो ऐकून कुणी हसत नाही. बोलणारा बोलतो आणि हात चालू ठेवतो.

हे मला अगदी ओळखीचं होतं. रात्री दोन वाजता अपघाताची केस आली की ओटीत काय बोललं जातं हे बाहेरच्या माणसाने ऐकलं तर त्याला आम्ही दगड वाटू. कुणाच्या घरमालकावर चर्चा चालते, कुणी कालच्या डाळीत मीठ जास्त पडल्याचं सांगतं. मी पेशंटच्या डोक्याशी उभी, एक हात श्वास देणाऱ्या बॅगवर, बोटं कानाजवळच्या नाडीवर. सर्जनचं बोलणं जोवर चालू आहे तोवर रक्त आटोक्यात आहे हे मला पोटात न बघताही कळायचं. तो गप्प झाला की माझे कान टवकारायचे. सिस्टर न सांगता सक्शन पुढे करायची, मी दुसरी बाटली लावायला घ्यायचे. ‘मॅश’मध्ये हे जसंच्या तसं आहे. हॉकआय बडबडत असतो, एखादं भांडण उकरून काढत असतो आणि अचानक वाक्य अर्धवट सोडून फक्त ‘क्लॅम्प’, म्हणजे चिमटा, म्हणतो. ही नस लेखकांना सापडली, कारण त्यांनी कोरियात काम केलेल्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या मुलाखती घेऊन त्यांतून प्रसंग उचलले. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स १९७४ साली दक्षिण कोरियात जाऊनही आले.

तेव्हा हे डॉक्टर मरणाला हसताहेत असं समजू नका. पुढचं स्ट्रेचर आत येईपर्यंत पाय रोवून उभं राहायचं असतं, त्यासाठी ते बोलतात.

प्रश्न: त्यातलं वैद्यक कितपत खरं? आमच्या घरात दोन सर्जन आहेत आणि दोघांचं एकमत होत नाही. (सांगली)

दोघांनाही ‘लाइफ टाइम’ नावाचा भाग दाखवा, मग बोलू.

हा भाग २६ नोव्हेंबर १९७९ रोजी, सोमवारी रात्री लागला. हेलिकॉप्टरमधून एक पोरगा येतो, पोटातली महाधमनी फाटलेली. हॉकआय हेलिपॅडवरच मूठ दाबून रक्त थांबवतो. धमनीला चिमटा लावला की खालच्या अंगाचं रक्त बंद, आणि त्याबरोबर मणक्यातल्या मज्जारज्जूचंही. साधारण वीस मिनिटांच्या आत रक्त पुन्हा सुरू झालं नाही तर पोरगा जगेलही, पण पाय जातील. फाटलेल्या जागी बसवायला धमनीचा तुकडा हवा आणि तो ज्याच्याकडून मिळणार तो दुसरा सैनिक डोक्याला मार लागून शेवटच्या घटका मोजतो आहे. हॉकआयचा सहकारी सर्जन बी. जे. त्याच्या उशाशी बसून आहे. त्या सैनिकाचा मित्र तिथेच उभा, आपल्या दोस्ताचे सुटे भाग काढायची वाट बघताहेत म्हणून चिडलेला. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ, खऱ्या वेळेनुसार पुढे सरकणारं.

त्या रात्री आमच्या ड्यूटी रूममध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा सीनियर रेसिडेंट होता, उंच, अबोल माणूस. सुरुवातीला तो पाय टेबलावर टाकून बघत होता. घड्याळाचा काटा पुढे गेला तसे पाय खाली आले, मग तो उभाच राहिला, आणि हॉकआय टाके घालू लागला तेव्हा याची बोटं हवेत टाका घालायला लागली होती. जाहिरातींच्या वेळीही कुणी बोललं नाही. हा भाग ॲल्डा यांनी मालिकेचे वैद्यकीय सल्लागार डॉ. वॉल्टर डिशेल यांच्याबरोबर लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला.

यामागचा इतिहासही पक्का आहे. दुसऱ्या महायुद्धात हातापायाची मोठी धमनी तुटली की ती बांधून टाकत, आणि अशा रुग्णांत जवळपास निम्म्यांचा अवयव कापावा लागे. कोरियात तरुण सर्जनांनी धमनी बांधायच्या ऐवजी जोडायला सुरुवात केली आणि ते प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलं. जखमी लवकर पोहोचत होते हेही त्याचं कारण. मालिकेच्या सुरुवातीला दिसणारी ती काचेच्या बुडबुड्याची हेलिकॉप्टरं आठवा, बेल ४७ जातीची. स्ट्रेचर आत मावत नसे, दोन्ही बाजूंना बाहेर बांधत.

एक तक्रार मात्र माझी आहेच. पहिल्या हंगामात ‘अग्ली जॉन’ नावाचा एक भूलतज्ज्ञ होता, ऑस्ट्रेलियन. त्याला पुढे गायब केलं. नंतर भूल देताना कधी परिचारिका दिसते, कधी हाताला लागेल तो. डोक्याशी बसणारा माणूस नसता तर हॉकआयला पोट उघडता आलं नसतं. एवढ्या भागांत त्याच्यासाठी एक तरी गोष्ट लिहायला हवी होती.

प्रश्न: ॲलन ॲल्डा यांच्याविषयी लिहा. माझे वडील त्यांचे भक्त होते, त्यांच्या वहीत फोटो चिकटवलेला होता. (ठाणे, सध्या न्यू जर्सी)

तुमच्या वडिलांची निवड चांगली होती.

जन्म न्यूयॉर्कचा, २८ जानेवारी १९३६. मूळ नाव अल्फॉन्सो दाब्रुझो, वडील रॉबर्ट ॲल्डा हेही नट. सातव्या वर्षी पोलिओ झाला. तेव्हा सिस्टर केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेची पद्धत होती: लोकरीच्या कापडाचे कढत शेक स्नायूंवर घालायचे आणि अवयव हलवत राहायचे. आईवडिलांनी ते शेक घरीच दिले. शेक इतके कढत असत की मूल किंचाळे. मिरजेच्या वॉर्डात पोलिओची मुलं मी रोज बघितली आहेत. त्यामुळे पडद्यावर ताडताड चालणारा हा सहा फुटी माणूस बघितला की त्याच्या आईवडिलांना हात जोडावेसे वाटतात.

‘मॅश’मध्ये त्यांनी अभिनय तर केलाच, कितीतरी भाग लिहिले आणि दिग्दर्शितही केले. एकाच मालिकेसाठी अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींचा एमी हा अमेरिकन टीव्हीचा पुरस्कार मिळवणारे ते पहिले. १९७९ साली लेखनाचा पुरस्कार घ्यायला जाताना भर समारंभात त्यांनी कोलांटी मारली, तो आनंद मला अजून दिसतो. आणि ही सगळी वर्षं घर न्यू जर्सीत, तुमच्याच भागात. बायको अर्लिन आणि तीन मुली यांना कॅलिफोर्नियाला हलवायचं नाही म्हणून चित्रीकरण आटोपलं की शनिवार-रविवारी घरी, सोमवारी पुन्हा कामावर.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. २००३ साली ते चिलीत एका विज्ञान कार्यक्रमाचं चित्रीकरण करत होते, ला सेरेना गावाजवळच्या वेधशाळेत. पोटात असह्य कळ आली. गावातल्या रुग्णालयात नेलं, आतड्याला पीळ पडून काही भाग मेला होता. तिथला सर्जन सोप्या शब्दांत समजावू लागला की खराब भाग काढून दोन चांगली टोकं जोडावी लागतील. ॲल्डा म्हणाले, म्हणजे तुम्ही एंड-टू-एंड ॲनॅस्टोमोसिस करणार. सर्जन चकित. यांनी सांगितलं, ‘मॅश’मध्ये मी अशा कितीतरी केल्या आहेत.

लोक यावर हसतात. मला त्यातलं दुसरंच काही भावतं. जिवावर बेतलेलं असताना या माणसाने समोरच्या डॉक्टरचा ताण हलका केला. आणि तो शब्द त्यांना आठवला, कारण पाठ केलेल्या संवादांचा अर्थ त्यांनी त्या वेळी विचारून घेतला होता. पुढेही त्यांनी हेच काम उचललं. विज्ञानाच्या कार्यक्रमात शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेता घेता त्यांच्या लक्षात आलं की हुशार माणसांना आपलंच काम सांगता येत नाही. मग न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात २००९ साली एक केंद्र सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. तिथे डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना नाटकातले खेळ खेळायला लावून समोरच्याकडे बघून बोलायला शिकवतात. ते केंद्र आज त्यांच्याच नावाने चालतं. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत असा एक तास असता तर किती नातेवाइकांचे हाल वाचले असते! कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या दोन इंग्रजी शब्द फेकून निघून जाणारे डॉक्टर मी जन्मभर बघितले आहेत.

२०१८ साली त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपल्याला साडेतीन वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. टीव्हीवर मुलाखत देताना अंगठा थरथरतो हे त्यांनी बघितलं होतं, कुणी त्यावरून दुःखी कहाणी रचण्याआधी आपणच सांगावं असं त्यांनी ठरवलं. आपण बॉक्सिंग करतो, टेनिस खेळतो, लयीवर पावलं टाकत चालतो, हेही सांगितलं. निदान झालेल्या किती लोकांना त्या पाच मिनिटांनी उभं केलं असेल! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मी ती मुलाखत मुद्दाम लावून दाखवली होती.

२०२३ साली त्यांनी हॉकआयचे बूट आणि गळ्यातले लष्करी ओळखीचे बिल्ले लिलावात काढले, सव्वा लाख डॉलर आले आणि ते त्या केंद्राला दिले. पहिल्या दिवशी वेशभूषा विभागाने हातात दिले ते बूट त्यांनी शेवटपर्यंत वापरले. बिल्ल्यांवर हॉकआयचं नाव नव्हतंच, दोन खऱ्या सैनिकांची नावं होती. ती नावं गळ्यात घालून त्यांनी अकरा हंगाम काम केलं.

प्रश्न: हेन्री ब्लेकला का मारलं? मी लहानपणी पुनःप्रक्षेपणात तो भाग बघितला आणि रडले. (टोरांटो)

मीही पुनःप्रक्षेपणातच बघितला. तिसऱ्या हंगामाचा शेवट, १८ मार्च १९७५. रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्लेक याची भूमिका करणारे मॅक्लीन स्टीव्हनसन मालिका सोडणार होते. नेहमीप्रमाणे निरोप दिला, मिठ्या झाल्या, हेलिकॉप्टर गेलं. सगळ्यांना वाटलं संपलं. शेवटचं पान गेलबार्ट यांनी नटांना आधी दिलंच नव्हतं. त्या पानावर तुकडीचा कारकून रडार ओटीत येतो, तोंडाला मास्क लावायचं भान त्याला नाही, आणि सांगतो की ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. मग नुसते मास्कवरचे डोळे. कुणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडल्याचा आवाज येतो. आणि टाके घालणं चालू राहतं.

वाहिनीवर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. पण अमेरिकेतल्या हजारो घरांत व्हिएतनाममधून अशीच तार आलेली होती, तीही मुलगा घरी यायला थोडेच दिवस उरले असताना. मला हा निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो.

प्रश्न: कोरियन युद्धात भारताचा संबंध होता का? मालिका बघताना सारखा हा विचार येतो. (कोल्हापूर)

होता, आणि तोही वैद्यकाचाच! आपली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली, प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. चिनी सैन्य खाली सरकू लागलं आणि प्याँगयांगहून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा यांच्याकडे सामान न्यायला वाहनं नव्हती. सामान टाकून निघा असा सल्ला मिळाला. रंगराज यांच्या माणसांनी एक वाफेचं इंजिन आणि डबे मिळवले, तुकडीत इंजिन चालवता येणारे निघाले, आणि औषधं-उपकरणांसकट ते दक्षिणेला पोहोचले. मार्च १९५१ मध्ये मुनसानी इथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर या तुकडीचं पथकही विमानातून उडी मारून उतरलं आणि त्यांनी जखमींवर उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं.

आणि कोल्हापूरकरांनी तर हे माहीत करून घ्यायलाच हवं. युद्धविराम झाल्यावर मायदेशी परत जायला तयार नसलेले २२ हजारांहून जास्त चिनी आणि कोरियन कैदी सांभाळायला भारताने सैन्य पाठवलं. निर्णय घेणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष कैदी राखणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख तुमच्या मातीतले एस. पी. पी. थोरात. हजारो चिडलेले कैदी, दोन्ही बाजूंचा दबाव, आणि शक्यतो गोळी न चालवता काम करायचं. यावर मराठीत एखादी दमदार मालिका व्हायला हवी असं मला फार वाटतं.

प्रश्न: परिचारिकांचं चित्रण मला अपमानास्पद वाटलं. मी स्वतः तीस वर्षं सिस्टर होते. (मिरज)

सिस्टर, पहिल्या दोन-तीन हंगामांपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. परिचारिका म्हणजे पाठलाग करायच्या मुली, आणि हेड नर्स मार्गारेटला तर एका घाणेरड्या टोपणनावाने हाक. ते आज बघवत नाही, मलाही नाही. पण लॉरेटा स्विट या अभिनेत्रीने ती बाई हळूहळू ताब्यात घेतली. लग्न, घटस्फोट, वरिष्ठपणाचा एकटेपणा, सगळं आलं, आणि ते टोपणनाव मागे पडलं. आपल्या परिचारिका आपल्याला कधी कॉफीलाही बोलावत नाहीत म्हणून मार्गारेट त्यांच्यासमोर फुटते तो प्रसंग बघा. स्विट यांना दोन एमी मिळाले. मे २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा मी दिवसभर बेचैन होते.

प्रश्न: मालिका कोरियात घडते, पण कोरियन माणसं कुठे आहेत? (पुणे)

मागच्या रांगेत. शेतकरी, अनाथ मुलं, चोर, नवरी. शिवाय बऱ्याच भूमिका चिनी किंवा जपानी वंशाच्या अमेरिकन नटांनी केलेल्या. क्लीव्हलंडला माझ्याबरोबर सोलचा एक रेसिडेंट होता. तो म्हणायचा, या डोंगरांत आमची एकही टेकडी नाही. बरोबरच होतं, ते डोंगर कॅलिफोर्नियातल्या मालिबूचे. ही उणीव मोठी आहे आणि मालिकेवरचं प्रेम तिला झाकू शकत नाही.

प्रश्न: शेवटच्या भागाबद्दल फार ऐकलं आहे. कुठून सुरुवात करू? नातवाबरोबर बघायची आहे. (औरंगाबाद)

शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ ला लागला, अडीच तासांचा, दिग्दर्शन ॲल्डा यांचंच. अमेरिकेत १० कोटींहून जास्त लोकांनी तो बघितला. त्यात बसमधला एक प्रसंग आहे. तो काय ते मी सांगणार नाही, पण नातू दहा-बारा वर्षांचा असेल तर अजून थांबा.

सुरुवात पहिल्यापासून करू नका. चौथ्या हंगामापासून करा, तिथे ब्लेकच्या जागी नवे प्रमुख कर्नल पॉटर येतात आणि मालिकेला घराचा कर्ता मिळतो. त्याच हंगामात ‘द इंटरव्ह्यू’ आहे, कृष्णधवल, डॉक्टर जणू खऱ्या बातमीदाराशी बोलताहेत. मग सातव्यातला ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, सगळं एका जखमी सैनिकाच्या डोळ्यांनी. मग ‘लाइफ टाइम’. शेवटच्या दोन हंगामांत उपदेश वाढला आहे, तिथले भाग निवडून बघितले तरी चालतील. डीव्हीडी मिळाली तर तीच घ्या. तिच्यात हशा बंद करायची सोय आहे, ती पहिल्यांदा शोधा आणि मगच भाग लावा.